मे महिन्यातला हिशेब

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे आतले, डोंगराला टेकलेले तालुके. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावरून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, वाटेत तिला गांधारी आणि काळ येऊन मिळतात, आणि एखाद्या जुलैत हे सगळं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरतं. २००५ साली शिरलं, २०२१ साली शिरलं. आणि याच दोन तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांची नावं दरवर्षी पंचायत समितीच्या टंचाई कृती आराखड्यात असतात. एप्रिल लागला की टँकरची वाट पाहणं सुरू होतं.

याचं कारण खडकात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. काही थर एकसंध, घट्ट. काही भेगाळलेले, झिजलेले, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. पावसाचं पाणी वरच्या सच्छिद्र थरात मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. जुन्या वाड्या वसल्या त्या अशा झऱ्यांच्या भरवशावर. पण पाणी धरणारा थर जाडीला बेताचा आणि उतार तीव्र, त्यामुळे मुरलेलं पाणी फार दिवस टिकत नाही. दिवाळीपर्यंत खळखळणारा झरा शिमग्याला बोटाएवढा होतो. पुढं विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं, हंडा भरला की चुंबळीवर चढवायचा आणि चढ चढून घरी यायचं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचं ओझं, शिवाय काखेत कळशी. हे काम जवळजवळ सगळं बायकांचं.

या पाण्यासाठी गेल्या साठेक वर्षांत नाना ठिकाणांहून मदत आली. कुठल्याही जुन्या वाडीत तिचे थर दिसतात. झऱ्याशेजारी बांधीव विहीर, तिच्या कठड्यावर मुंबईत कामाला गेलेल्या गावकऱ्यांच्या 'मुंबई मंडळा'चं नाव कोरलेलं. शाळेजवळ हापशी. वरच्या अंगाला सिमेंटची टाकी, तिच्यावर उडत चाललेल्या रंगात योजनेचं नाव आणि साल. आणि आता दारातला नळ. प्रत्येक थराच्या वेळी नारळ फुटला, फोटो निघाला. पण या सगळ्यातून वाडीची पाणीटंचाई किती मिटली, हा प्रश्न मोजमाप करून विचारणारं शास्त्र मात्र पुष्कळ उशिरा आलं. परदेशी मदत आणि विकास यांवरचं संशोधन ते हेच. डोंगरातल्या पाण्याच्या संदर्भात ते समजून घेतलं, तर आपल्या योजनांकडे पाहायची नजर बदलते.

हापशीपासून सुरुवात करू, कारण ती गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे. १९६६-६७च्या दुष्काळानंतर युनिसेफनं भारतात कठीण खडक फोडणारी हवेच्या दाबावरची छिद्रणयंत्रं आणली. बोअर पडू लागले आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. हे पंप मुळात युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी होते. एका कुटुंबानं दिवसातून थोडा वेळ वापरावेत, अशा बेताचे. आपल्याकडे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव पाणी भरू लागलं. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी जवळपास तीन चतुर्थांश बंद निघाले. छिद्रं मोजली असती तर कार्यक्रम यशस्वी होता. पाणी मोजल्यावर तो फसलेला निघाला.

उत्तर सापडलं ते जालना आणि सोलापुरात. तिथल्या मिशनरी मंडळींच्या कार्यशाळांत गावच्या वापराला टिकणारा पोलादी पंप घडत होता. ऑस्कर कार्लसन नावाच्या, स्वतःच्या हातानं यंत्रकाम शिकलेल्या स्वीडिश माणसाचा 'सोलापूर पंप' त्यातला सर्वांत मजबूत. दांड्याला जोडलेली साखळी, त्यामुळे खालच्या सळईला सरळ ओढ. एकच भक्कम आस. ठिसूळ बिडाऐवजी पोलादी पत्रा. याच पंपावरून युनिसेफ, सरकारी अभियंते आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' उभा केला. कोइमतूर भागात प्रत्यक्ष गावांत बसवून त्याची चाचणी घेतली, मोडलं ते बदललं. त्याचा आराखडा कुणाच्या मालकीचा ठेवला नाही. पुढं हा पंप आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. आपल्या वाडीतली ती निळी-करडी हापशी त्याच घराण्यातली.

तरीही ती बंद पडायची. बोअरमध्ये खोल सोडलेल्या नळकांड्यात दट्ट्या असतो, त्याला चामड्याचे किंवा रबराचे वायसर. वायसर झिजला की पाचपन्नास हापसे मारल्याशिवाय पाणी वर येत नाही, मग तेही थांबतं. वायसरची किंमत किरकोळ. पण मार्क टूमध्ये तो बदलायला सगळे पाईप एकामागून एक वर ओढावे लागतात. त्यासाठी तिपाई, जड पाने आणि पथकाची गाडी हवी. डोंगरवाडीला जिथं दुधाची गाडी जात नाही, तिथं ही गाडी कधी जायची? १९८०च्या दशकात या अडचणीवर अभ्यास झाला आणि मार्क थ्री आला. त्याचा वरचा पाईप रुंद, म्हणून दट्ट्या आणि वायसर पाईप न उपसता वर काढता येतात. गावातल्या माणसाला गावातच दुरुस्ती करता आली पाहिजे, हे तत्त्व जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या हातपंप प्रकल्पानं त्याच दशकात मांडलं. मदतीवरच्या संशोधनातला हा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पंप कुणी दिला याहून वायसर कोण बदलणार, हा प्रश्न मोठा ठरला.

मोजमापाचा पुढचा टप्पा याहून अवघड आहे. समजा पोलादपूरच्या एका वाडीत २०१५ साली नळ आला आणि २०२० साली पाहिलं तर जुलाबाचे रुग्ण निम्म्यावर आलेले. नळानं हे केलं का? त्याच पाच वर्षांत घरोघरी संडास झाले, आशाताई फिरू लागल्या, निम्मी तरणी कुटुंबं मुंबई-पुण्याला गेली, रस्ता झाला म्हणून आजारी पोर लवकर दवाखान्यात पोचू लागलं. आधी आणि नंतर एवढंच पाहिलं तर या सगळ्याचं श्रेय नळाला जातं. बाजूची नळ नसलेली वाडी पाहावी, तर योजना आधी त्या वाडीला मिळालेली असते जिचा सरपंच खटपट्या आहे आणि जिचं मुंबई मंडळ जागं आहे. म्हणजे ती वाडी आधीच वेगळी. खरा प्रश्न आहे, याच वाडीत नळ आला नसता तर काय झालं असतं? ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. म्हणून त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी तुलना रचावी लागते. पात्र वाड्यांची यादी करून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, तर आधी मिळालेल्या आणि मागाहून मिळणाऱ्या वाड्यांत सरासरीनं चिठ्ठीखेरीज फरक राहत नाही. औषधांच्या चाचण्यांतली ही रीत विकासाच्या कामात रुजवल्याबद्दल २०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर.

महाराष्ट्रातल्या नळांची तपासणी, चिठ्ठ्या टाकून नसली तरी, अशी तुलना रचून झालेली आहे. जागतिक बँकेच्या सुमारे १८ कोटी डॉलरच्या कर्जावर २००३ साली 'जलस्वराज्य' सुरू झालं. गावानं स्वतः मागणी करायची, वर्गणी भरायची, समिती नेमायची आणि योजना चालवायची, अशी त्याची रचना. सुभ्रेंदू पट्टनायक आणि सहकाऱ्यांनी बुलढाणा, नाशिक, उस्मानाबाद (आजचं धाराशिव) आणि सांगली या चार जिल्ह्यांतली २४२ गावं निवडली. काही प्रकल्पातली, काही बाहेरची पण शक्य तितकी सारखी. २००५ आणि २००७ साली हजारो घरांत जाऊन माहिती घेतली. नळाचा आणि संडासाचा वापर प्रकल्पाच्या गावांत वाढला होता. उन्हाळ्यात पाण्यासाठी घराला पडणारा भुर्दंड, म्हणजे वेळ, पैसा, आजारपण धरून, महिन्याला सुमारे ७ डॉलरनं कमी झाला होता. त्या वेळच्या भावानं पावणेतीनशे-तीनशे रुपये. पण लहान मुलांचे जुलाब बाहेरच्या गावांपेक्षा अधिक घटले, असं मात्र दिसलं नाही.

हा निकाल वाचून काहींनी योजना वाया गेली असं म्हटलं असेल. मला तसं वाटत नाही. नळ आला तरी पाणी दिवसाआड येतं, ते पिंपात साठतं, पेला हातासकट बुडतो, आणि नळापासून तोंडापर्यंतच्या त्या शेवटच्या दहा पावलांत पाणी पुन्हा बिघडतं. केनियाच्या बुसिया भागात क्रेमर आणि सहकाऱ्यांनी झरे बांधून काढण्याचा प्रयोग केला. आपल्या वाड्यांशी त्याचं फार साम्य आहे. उघड्या झऱ्याला सिमेंटनं बंदिस्त करून पाणी पाईपमधून बाहेर काढलं. झऱ्यापाशी विष्ठेतल्या जंतूंचं प्रमाण दोन तृतीयांशानं उतरलं, घरातल्या पाण्यात मात्र सुधारणा त्याहून बरीच कमी. तरी मुलांचे जुलाब सुमारे पाव हिश्शानं घटले. पुढं क्लोरिन वगैरेंनी पाणी शुद्ध करण्याचे अनेक प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंत सुमारे एक चतुर्थांश घट दिसली. विहिरीत वेळेवर टाकलेली ब्लिचिंग पावडर ही गावच्या खर्चातली एक स्वस्त आणि दुर्लक्षित बाब, तिचं मोल यातून कळतं.

मोरोक्कोतल्या टॅन्जियर शहरातला अभ्यास मला याहून जवळचा वाटतो. तिथं सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या कुटुंबांना घरात जोडणीसाठी बिनव्याजी कर्ज मिळालं. पाणी तेच, त्यामुळे आजारपणात फरक पडला नाही. उत्पन्नही वाढलं नाही. पण लोकांनी महिन्याचं पाण्याचं बिल आनंदानं वाढवून घेतलं. हाती आलेला वेळ विश्रांतीत आणि माणसांत गेला, पाण्यावरून होणारी भांडणं कमी झाली, आपलं बरं चाललंय असं सांगणारी माणसं वाढली. मदत देणाऱ्यांच्या तक्त्यात 'विश्रांती' हा रकाना नसतो. पहाटे चारला उठून विहिरीवर नंबर लावणाऱ्या बाईला मिळालेले दोन तास तिनं शिवणकामात घालवले तरच ते मोलाचे, झोपेत घालवले तर फुकट, असं कुणी मानत असेल तर ते अन्यायाचं आहे.

संडासांचीही अशी परीक्षा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाली. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांच्या अभ्यासात, संपूर्ण स्वच्छता अभियान चिठ्ठी टाकून निवडलेल्या गावांत नेटानं राबवल्यावर मुलांची उंची वयाच्या मानानं वाढलेली दिसली. बेत तीन जिल्ह्यांचा होता. नांदेड आणि नंदुरबारला तो ठरल्याप्रमाणे राबवलाच गेला नाही. एका जिल्ह्यात मिळालेलं यश दुसरीकडे मिळेल का, हे आधी दुसरीकडे काम होतं का यावर ठरतं.

हे सगळे निकाल सरासरीचे आहेत, आणि सरासरीबद्दल एक गोष्ट महाडनं जगाला फार आधी सांगून ठेवली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी सर्वांचं झालं. प्रत्यक्षात त्या तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं चालत गेली, ओंजळीनं पाणी प्यायली, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. कोर्टात हक्क शाबीत व्हायला १९३७ साल आलं. आज एखाद्या वाडीत 'शंभर टक्के जोडण्या' असं लिहिलं जातं तेव्हा शेवटच्या टोकाच्या आदिवासीवाडीत नळाला दाब पोचतो का, वरच्या आळीची टाकी भरल्यावर खालच्या आळीला काय उरतं, हे विचारायला हवं. सरासरीत हे बुडून जातं. महाडमध्ये तरी हा प्रश्न विचारायला कुणी विसरू नये.

सरासरी आणखी एका ठिकाणी फसवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही आपल्याकडची बाळांच्या वजनापासून घरच्या संडासापर्यंतची सर्वांत विश्वासार्ह मोजणी. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं १९९२-९३ मध्ये ती सुरू केली, अमेरिकेच्या 'यूएसएड' या सरकारी मदतसंस्थेच्या पैशावर. ही पाहणी आता जिल्ह्यापर्यंत आकडे देते. पण रायगड जिल्ह्यात पनवेलही आहे आणि पोलादपूरही. उंच इमारतींचं शहर आणि सुमारे ४५ हजार वस्तीचा डोंगरी तालुका यांची मिळून एक टक्केवारी निघते, तिचा पोलादपूरला काही उपयोग नाही. १ जुलै २०२५ला यूएसएड बंद झाली, तेव्हा औषधं थांबल्याच्या बातम्या आल्या आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण त्या पैशावर अनेक गरीब देशांत चालणाऱ्या अशाच पाहण्याही अडचणीत आल्या, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

बातमी आणि मदत यांचं नातंही तपासलेलं आहे. थॉमस आयसेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे पाच हजार आपत्ती पाहिल्या. ऑलिम्पिक किंवा दुसरी मोठी बातमी चालू असताना आलेल्या आपत्तीला अमेरिकेची मदत कमी मिळत होती. ज्वालामुखीत एक माणूस गेला तर जितकी बातमी होते, तितकी होण्यासाठी अन्नटंचाईत सुमारे चाळीस हजार माणसं जावी लागतात, असं त्यांचं गणित निघालं. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, सगळा देश हळहळला आणि मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. ती नावं तालुक्याबाहेर किती जणांना आठवतात? आणि मे महिन्यातला कोरडा झरा तर कुठल्याच वाहिनीवर येत नाही. तो दरवर्षीचा आहे.

आता या दोन तालुक्यांत परदेशी पैसा थेट फार थोडा येतो. केंद्र सरकारनं २००३ सालीच बहुतेक छोट्या दात्या देशांची मदत नको म्हणून कळवलं. परकीय देणगी कायद्यात २०२० साली झालेल्या बदलानंतर एका संस्थेला आपली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरच्या लहान संस्थांची वाट बंद झाली. परदेशी पैशाची जागा घेतली कंपन्यांच्या सीएसआर निधीनं आणि मोठ्या देशी दात्यांनी. इथलं ठळक नाव रॉनी आणि झरीना स्क्रूवाला यांच्या स्वदेस फाउंडेशनचं. महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, तळा, सुधागड या भागांत ही संस्था घरापर्यंत नळ, संडास, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया, शेळ्या, फळबागा अशी एकाच पट्ट्यात अनेक कामं करते. सरकारचं जलजीवन मिशन २०१९पासून घरोघरी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी यासाठी चालू आहे. आणि या सगळ्यांच्या आधीपासून आहे ते मुंबई मंडळ. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबलेल्या माणसांनी महिन्याची वर्गणी काढून गावची विहीर बांधली, शाळेचे पत्रे बदलले. कुठल्या विद्यापीठानं त्याचं मोल मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि ते मोजावं असं मला मनापासून वाटतं.

एवढी सगळी मदत एकाच डोंगरात उतरते आहे, तर तिचा नीट अभ्यास इथं सहज होऊ शकतो. सगळ्या वाड्यांत एकाच वर्षी काम करणं कुणालाच जमत नाही, कामं टप्प्याटप्प्यानंच होतात. मग सारख्याच गरजू वाड्यांचा क्रम ग्रामसभेसमोर चिठ्ठ्यांनी लावता येईल. त्यात कुणाचं नुकसान नाही, उलट वशिल्याला जागा राहत नाही. मोजायचं ते डिसेंबरात मोजू नये, कारण डिसेंबरात झरा वाहतोच. मे महिन्यात मोजावं. तेव्हा झरा तळाला गेलेला असतो आणि नेमके तेव्हाच चाकरमानी पोराबाळांसकट गावी आलेले असतात, म्हणजे पाणी सर्वांत कमी आणि तोंडं सर्वांत जास्त. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. आज पाणी भरायला किती वेळ गेला, कोण गेलं, किती खेपा झाल्या. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, शेवटच्या घराला आलं का. मोटर यंदा किती वेळा जळाली, किती दिवस बंद राहिली, वीजबिल कुणी भरलं, पाणीपट्टी किती घरांनी दिली. पंपचालकाचा पगार थकला आहे का. विहिरीत पावडर शेवटची कधी पडली. आणि हेच सगळं दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मे महिन्यात पुन्हा विचारायचं, योजनेची फाईल बंद झाल्यानंतरही.

हे प्रश्न विचारायला परदेशी विद्यापीठाचीच माणसं लागतात असं नाही. महाडच्या महाविद्यालयांतली मुलंमुली याच वाड्यांतून येतात. सर्वेक्षण कसं करायचं, घर निवडताना चिठ्ठी कशी टाकायची, बाईला उत्तर सुचवून प्रश्न कसा विचारू नये, हे शिकवलं तर एका सुट्टीत त्यांच्या हातून हे काम होईल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विहिरींच्या पातळीच्या नोंदी आहेत, पंचायत समितीकडे टंचाई आराखड्यांची वर्षावर्षांची बाडं आहेत. एखादी वाडी दहा वर्षांपूर्वीच्या आराखड्यात होती, मधे तिच्यावर दोन योजना झाल्या आणि यंदाही ती टँकरच्या यादीत असेल, तर त्या दोन कागदांतच एक निष्कर्ष आहे. मुंबई मंडळांच्या सभाही बहुधा मे महिन्यातच गावी भरतात. देवळाचा जमाखर्च तिथं पै-पैनं वाचला जातो, प्रश्न विचारले जातात, आवाज चढतात. त्याच सभेत, त्याच कसोशीनं, पाण्याच्या योजनेची वरची उत्तरं वाचून दाखवावीत, आणि त्या वेळी हंडा वाहणाऱ्या बायका पुढच्या रांगेत बसलेल्या असाव्यात.